पोस्टरवर आजीचा फोटो नव्हता

अर्जातला पहिला प्रश्न संशोधनाबद्दल नव्हताच. तुम्ही कोणत्या गटात येता, असा होता. खाली चौकोन : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग, घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली पहिली व्यक्ती. मी शेवटच्यावर खूण केली. बाकीच्यांना सरकारी कचेरीतला नाहीतर वैद्यकीय मंडळाचा दाखला जोडायचा होता. माझ्या चौकोनाला असा दाखला कुठेच मिळत नाही, त्यामुळे स्वतःच लिहिलेलं घोषणापत्र आणि त्यावर प्राचार्यांचा सही-शिक्का एवढ्यावर भागलं.

विद्यापीठात एका दिवसाची विद्यार्थी संशोधन परिषद होती. ज्या घरांतून, ज्या समाजांतून संशोधनाकडे फारसं कुणी येत नाही, तिथल्या मुलामुलींनी आपण केलेलं काम मांडायचं, एवढीच कल्पना. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी वर्गाच्या ग्रुपवर सूचना टाकली आणि खाली माझं नाव घालून लिहिलं, "तू भरते आहेस." प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी आगरवाड्याची. पेडणे तालुका, शापोरा नदीचा काठ. आमच्याकडे अजून थोडी मिठागरं चालतात. मोरजी-आश्वेची हॉटेलं आधीपासून होतीच, त्यात जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला. आता मार्च-एप्रिलच्या उन्हात खाऱ्या पाण्यात उभं राहायला तरुण माणूस मिळत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. आजी अजून जाते. आगर दुसऱ्याचं, मजुरी आमची. बाबा ट्रॉलरवर होते, आता पाठीमुळे घरी.

माझं काम आजीच्या कामावर होतं, आजीवर नव्हतं. हा फरक परिषदेच्या दिवशी इतक्या जणांना समजावून सांगावा लागला की इथे आधीच सांगून टाकते.

मीठ कसं होतं ते थोडक्यात. भरतीचं पाणी मानसातून, म्हणजे बांधातल्या लाकडी झडपेतून, आत घ्यायचं. समुद्राचं पाणी हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्याची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीवर, साधारण ३ ते ३.५ अंश बोमे दाखवतं; पाणी जितकं खारट तितके अंश जास्त. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत तापू द्यायचं. पाणी उडत जातं तसा आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, आणि २५ अंशांच्या थोडं पुढे गेल्यावर खरं मीठ धरू लागतं. पण तिथे थांबून चालत नाही. २९-३० च्या वर गेलं की मॅग्नेशियमचे क्षार सोबत यायला लागतात, मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पाझरत बसतं. म्हणजे सगळा खेळ चार-पाच अंशांच्या पट्ट्यातला. आता हायड्रोमीटर आमच्या कुठल्याही आगरात नाही. आजी पाण्यात हात घालते, अंगठा बोटांवर चोळते आणि सांगते, "अजून कच्चा आसा." कधी कळतं, कसं कळतं असं विचारलं की एकच उत्तर : "पाणी पिकला काय हाताक कळता गो."

हाताला खरंच कळतं का, आणि किती अंशांपर्यंत, हा माझा प्रश्न होता. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तो मी घेतला तेव्हा वर्गातल्या एकाने विचारलंही, "यात केमिस्ट्री कुठे आहे?" मॅडमनी कपाटातून बोमे हायड्रोमीटर, मोजपात्र आणि थर्मामीटर काढून दिला, आणि हायड्रोमीटर फुटला तर भरून द्यावा लागेल, असं वर बजावलं.

पद्धत ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी दोन भाग केले. पहिल्यात आजी आणि तिच्यासोबतचे दोन मजूर नेहमीसारखे बांधावर उभे राहून, हात घालून सांगणार : कच्चं, पिकलेलं की कडू. दुसऱ्यात तेच पाणी सारख्या रंगाच्या बादल्यांत भरून, नंबर टाकून, सावलीत मांडायचं. वाफा दिसणार नाही, फक्त पाणी. मी त्यांचं उत्तर वहीत लिहायची आणि माझी मावसबहीण पडवीत बसून हायड्रोमीटर वाचायची. आकडा मला संध्याकाळपर्यंत कळायचा नाही. तिला या सगळ्याचा इतका कंटाळा यायचा की ती वाचनासोबत हवामानाबद्दलची टीकाही लिहून ठेवायची, आणि त्या टीकेचाच पुढे उपयोग झाला, कारण वारा कधी पडला ते माझ्या वहीत नव्हतं, तिच्या वहीत होतं.

बांधावर उभं राहून तिघंही जवळपास चुकत नव्हते. बादल्यांत चित्र बदललं. अगदी कच्चं पाणी ते ओळखायचे. कडू पाणी तर लगेच. ते बोटांना तेलासारखं बुळबुळीत लागतं. पण २५ अंशांच्या अलीकडे-पलीकडे, जिथे निर्णयाला खरी किंमत असते, तिथे उत्तरं डळमळायची. आजी बादल्यांवर वैतागली होती. "बादलयेत काय बघू? हंय वारो खंय आसा?" हे तिचं वाक्य मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट.

मला त्यातून दिसलं ते असं : ज्याला आम्ही सगळे हाताचं ज्ञान म्हणतो ते एकट्या हाताचं नाही. वाफ्याच्या तळाचा कठीणपणा पायाला कळतो, पाण्यावर येणारी पातळ साय दिसते, पिकत आलेल्या पाण्याची तांबूस झाक दिसते (ती खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची असते, बादलीभर पाण्यात ती उमगत नाही), वारा कुठून आहे ते गालाला कळतं. हात शेवटी फक्त शिक्का मारतो.

हे सगळं ३०० शब्दांत बसवायचं होतं. सारांश इंग्रजी, कोकणी, मराठी यांपैकी कोणत्याही भाषेत चालणार होता. मी मराठीत लिहिला, सोबत इंग्रजी प्रत जोडली. पहिल्या मसुद्यात अर्धी जागा इतिहासाने खाल्ली होती. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार, ज्याने गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचा ताबा आला आणि जो १८९२ मध्ये संपला. मग आयोडीनचा नियम : आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठली, मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. तेव्हापासून आगराचं मीठ कायद्याने माडाच्या आळ्यात आणि मासळी खारवायलाच जायचं. नियमाला कारण आहे. आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अडते. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीने त्यावर नाक मुरडू नये. पण फवारणीचं यंत्र आणि तपासणीचा खर्च छोट्या आगराला झेपत नाही, हेही खरंच. मी दोन्ही लिहिलं होतं. वर २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ, तेव्हा ढिगावर टाकलेली माडाची झावळं उडून आमच्या आगरातलं मीठ कसं विरघळून गेलं, तेही.

मॅडमनी वाचलं. म्हणाल्या, "सगळं खरं आहे. पण यातलं तू मोजलंस काय?"

लाल पेनाने सगळं गेलं. मला राग आला होता. १८७८ साठी मी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसले होते. पण ३०० शब्दांत मोजलेल्या गोष्टीच नीट मावत नव्हत्या, हे दुसऱ्या दिवशी मान्य करावं लागलं.

सारांश स्वीकारल्याचा मेल आला आणि त्यात पोस्टरचं माप : ए-शून्य, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. म्हापशाच्या फ्लेक्सवाल्याला मिलिमीटर सांगून उपयोग नसतो. त्याच्याकडे सगळं फुटांत. "तीन बाय चार ना? सांगा की तसं." त्याच्या भिंतीवर एका बाजूला वाढदिवसाचे, दुसऱ्या बाजूला जत्रेच्या शुभेच्छांचे फलक सुकत होते. माझी फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर उघडली तेव्हा सगळी जोडाक्षरं फुटली. 'मिठागर' ठीक होतं, 'निष्कर्ष' मधला ष्क वेगळाच होऊन बसला, आणि अंशाची खूण जाऊन तिथे चौकोन आले. "आमच्याकडे श्रीलिपी चालते. टाइप करून देऊ का परत?" मी घाबरून नको म्हटलं. मोबाइलवरून पीडीएफ करून पाठवली तेव्हा कुठे अक्षरं जागेवर आली.

मग त्याने पोस्टर दूर धरून बघितलं आणि धंद्यातला माणूस बोलतो तसं म्हणाला, "नुसते आलेख? मधे एक फोटो टाका. आजी आहे ना तुमची? डोक्यावर मिठाची टोपली घेतलेली. लोक थांबतील." कडेने फुलांची नक्षी फुकट घालून देतो, असंही म्हणाला.

फोटो होता माझ्याकडे. चांगला होता. मॅडमनीही एकदा सुचवलं होतं. मी ठरवून टाकला नाही. आजीला विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, काम करताना नेसलेल्या लुगड्यातला फोटो मोठ्या लोकांत कशाला. ते एक. दुसरं माझं : एकदा तो फोटो मधे आला की आलेखाकडे कुणी बघणार नाही. लोक थांबतील, पण आजीजवळ थांबतील.

परिषदेच्या दिवशी पहाटेच्या बसने निघाले. चोपड्याचा पूल, शिवोली, म्हापसा, तिथून पणजी आणि पणजीहून ताळगावच्या पठारावर. पोस्टर गुंडाळून शेजारच्या प्लंबर काकांच्या पीव्हीसी पाइपात घातला होता. म्हापशाला कंडक्टर म्हणाला, पाइप वर टाका. मी पाइप मांडीवर आडवा धरून बसले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाची बोलणी खाल्ली.

नोंदणीच्या टेबलावर गळ्यात घालायचा बिल्ला मिळाला. त्यावर नाव, कॉलेज आणि पोस्टरचा क्रमांक, इतकंच. अर्जातला गट कुठे छापला नव्हता. ज्याने हे ठरवलं त्याला मी मनातल्या मनात शंभर गुण दिले. सकाळचं उद्घाटन झालं, समई लागली, भाषणं झाली. पोस्टरचे बोर्ड टाचण्यांचे होते आणि फ्लेक्समध्ये टाचणी शिरेना, तेव्हा कुणीतरी दोन्हीकडून चिकटणारी पट्टी आणून दिली. ही गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी : पोस्टर कागदावर छापा, किंवा पट्टी सोबत न्या.

माझ्या डावीकडे खोतीगावची एक वेळीप मुलगी होती, तिचा विषय वनहक्काचे दावे. उजवीकडे सत्तरीचा धनगर-गवळी मुलगा, चराईच्या वाटा आणि चाऱ्याची झाडं. दोघांची पोस्टरं शेजारी नव्हती, मी मधे होते, पण दिवसभर त्या दोघांचंच माझ्या डोक्यावरून बोलणं चाललं होतं. ते ऐकून मला जे कळलं ते कुठल्या भाषणातून कळलं नसतं. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. २०११ च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती साधारण दहा टक्के. धनगर-गवळींची मागणी जुनी, पण ते त्या यादीत नाहीत. आता २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो, जमातीच्या कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं. जमातीत नसलेल्याने मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवायचं. "म्हणजे १९३०," तो मुलगा म्हणाला. "पोर्तुगीज राज्य. माझ्या पणजोबांकडे कागद असलाच तर तो पोर्तुगीजमध्ये असणार. आणि नसणारच, कारण आम्ही गुरं घेऊन फिरत होतो." वेळीप मुलगी म्हणाली, वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून नियमात चालतो, ग्रामसभेपुढे ठेव. तो म्हणाला, ग्रामसभेला गणपूर्ती कोण करणार. मग दोघं ग्रामसभेच्या गणपूर्तीवर भांडत बसले आणि मी दोन्हीकडे मान वळवून ऐकत राहिले.

माणसं यायला लागली तेव्हा बोलणं थांबलं. येणारी माणसं चांगलीच होती, हे आधी सांगते. प्राध्यापक, पाहुणे, इतर कॉलेजांचे विद्यार्थी, कुणाचे पालक. वाईट कुणी बोललं नाही. पण प्रश्न असे : घरून पाठिंबा होता का? अभ्यासाला वेगळी खोली आहे का? आजीला किती अभिमान वाटला असेल ना? आजी शिकलेली आहे का? तिचा फोटो का नाही लावला? एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती कष्टातून आलीस गो बाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मिठाच्या पोस्टरपुढे उभी होते आणि मला काय करावं कळेना. "आलेख दाखवू का?" असं मी विचारलं. त्यांनी आलेखाकडे बघितलं, छान आहे म्हणाल्या आणि पुढे वेळीप मुलीकडे गेल्या.

तिच्याकडे तर त्याहून पुढची पायरी. तिच्या पोस्टरवर दाव्यांच्या वर्गवारीचा तक्ता, कुठल्या टप्प्यावर अर्ज अडकतात त्याची आकृती. आणि एक गृहस्थ तिला विचारत होते, तुमच्याकडे लग्नात कोणती गाणी म्हणतात, संध्याकाळच्या कार्यक्रमात म्हणणार का. तिने शांतपणे सांगितलं, "मला गाता येत नाही. ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा ते सांगू शकते." गृहस्थ हसले. ती हसली नाही.

मला या परिषदा नकोत, असं बिलकुल म्हणायचं नाही. अशा परिषदेशिवाय मी त्या पठारावर पोस्टर घेऊन गेलेच नसते. आमच्या घरी सारांश या शब्दाचा अर्थ फक्त निबंधापुरता होता. पण अशा ठिकाणी एक गोष्ट सहज घडते : आम्ही काम मांडायला येतो आणि लोक आम्हालाच बघून जातात. शिवाय आम्ही सगळ्यांनी विषयही घरचेच घेतलेले. मिठागरवाली मिठावर, गवळी चाऱ्यावर, वेळीप जंगलावर. दुपारी जेवताना यावर बोलणं निघालं तेव्हा सत्तरीचा मुलगा म्हणाला, "मला खरं तर तारे आवडतात. पण ताऱ्यांसाठी दुर्बीण लागते, चाऱ्यासाठी मी पुरतो." वरणभातावर हे ऐकून सगळे हसलो. नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, कारण ते हसण्यासारखं नव्हतं.

जेवणानंतर परीक्षक आले. माझ्याकडे आल्या त्या बाई सडसडीत, चष्मा गळ्यात लोंबता, हातात गुणपत्रिका. नाव-गाव विचारलं नाही. पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं, सगळं वाचलं. मग बोट आलेखावर.

"वाफ्यातलं पाणी दुपारी किती तापतं?"

मी सांगितलं, चाळिशीच्या आसपास जातं.

"मग हायड्रोमीटर कमी दाखवणार. गरम पाणी विरळ असतं."

हो, म्हणून नमुना झाकून, पाण्याच्या टबात ठेवून, एका ठरलेल्या तापमानाला आणून मगच वाचन घेतलं.

"थंड करताना मीठ खाली बसलं नसेल कशावरून? मग घनता बदलली."

इथे मला बरं वाटलं, कारण हे मी स्वतःशी भांडून झालं होतं. साध्या मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही. १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यात सुमारे ३९. साखरेसारखं नाही ते. चाळीसवरून तिशीच्या खाली आणताना पडणारा फरक आमच्या हायड्रोमीटरच्या रेघांत दिसणारा नव्हता. शिवाय मोजपात्राचा तळ आम्ही दर वेळी बघायचो.

त्यांनी मान हलवली नाही. "हे तिघं एकाच आगरात काम करतात. एकमेकांशी बोलतात. मग ही तीन स्वतंत्र मतं आहेत का?"

बादल्यांच्या वेळी वेगवेगळं बसवलं होतं. बांधावर नाही. बांधावर ते शक्य नव्हतं, कारण काम चालू होतं आणि ते बोलूनच काम करतात.

"मग बांधावरचा तुमचा आकडा एका माणसाचा आहे की तिघांचा?"

मी थांबले. मग म्हटलं, कदाचित तो आगराचा आहे. तिघं मिळून एक.

"ते पोस्टरवर लिहिलेलं नाही."

नाही.

त्यांनी पत्रिकेवर काहीतरी लिहिलं. "आणि बादलीचा प्रयोग. तुम्ही वाफा काढून घेतला, वारा काढून घेतला, रंग काढून घेतला, आणि मग म्हणालात अचूकता घटली. कुणाचीही घटेल. मला चष्मा काढून वाचायला लावलं तर माझीही घटेल. मग तुम्ही नेमकं काय तपासलंत?"

मी म्हटलं, तेच तपासलं. एकट्या पाण्यातून किती कळतं आणि बाकीच्यातून किती. बादलीतला आकडा हा निष्कर्ष नाही. बांध आणि बादली यांच्यातला फरक हा निष्कर्ष आहे. आजीने बादलीबद्दल जे म्हटलं होतं तेही सांगितलं, वारो खंय आसा.

पहिल्यांदा त्या हसल्या. "मग शीर्षक चुकलंय," म्हणाल्या. "शीर्षकात तुम्ही हात लिहिलाय. तुमचा निकाल सांगतो की हात एकटा नाही." आणि जाता जाता, "त्या तिघांचा वेळ गेला. मजुरीची माणसं. त्यांना काय दिलंत?"

चहा, म्हटलं.

"हं." तेही पत्रिकेवर लिहिलं.

एकूण किती वेळ झाला कुणास ठाऊक. पाय दुखत होते. शेजारच्या मुलाने विचारलं, "फारच धुतलं का?" मी म्हटलं, हो. आणि त्याला वाटलं असेल त्याच्या अगदी उलट, मला सकाळपासून पहिल्यांदाच भूक लागल्यासारखं झालं होतं. त्या बाईंना माझ्या घराबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांना फक्त माझा आकडा पटत नव्हता. मजुरीचा प्रश्नही माझ्या कष्टांचा नव्हता, माझ्या पद्धतीचा होता.

संध्याकाळी पोस्टरं उतरवायच्या आधी आणखी एक जण आला. दृष्टिहीन विद्यार्थी, त्याचा विषय होता स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर मराठी-कोकणी मजकूर कसा वाचतं. त्याने मला पोस्टर वाचून दाखवायला सांगितलं आणि आलेख तोंडी समजावायला लावला. कधी आलेख तोंडी समजावून बघा; आपल्याला तो किती कळलाय ते लगेच उघडं पडतं. बोलता बोलता मी फ्लेक्सवाल्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे आणि खुणांचे संकेत असतात. सॉफ्टवेअर ते वाचतं तेव्हा नुसता कचरा ऐकू येतो. असे किती सरकारी कागद, जुने अंक त्याच्यासाठी बंद आहेत ते त्याने सांगितलं. म्हापशाच्या दुकानात मी परत टाइप करायला नको म्हटलं ते केवळ भीतीने. निदान माझी पीडीएफ त्याला ऐकता आली.

मग त्याने विचारलं, "मीठ धरताना आवाज येतो का?"

मी तीन मजुरांचे हात, पाय, डोळे, वारा सगळं मांडलं होतं. कान मांडला नव्हता. घरी जाऊन आजीला विचारलं तर ती म्हणाली, येता तर! फळीन ओढताना पिकलेल्या वाफ्याचो आवाज वेगळो. इतकी वर्षं बोलली का नाहीस, तर म्हणे, तू विचारलंस खंय?

बक्षीस त्या दृष्टिहीन मुलाला मिळालं, पोस्टरच्या गटात पहिलं. वेळीप मुलीला तोंडी सादरीकरणात दुसरं. मला प्रमाणपत्र, आणि आठवड्याने मेलवर परीक्षकांचे शेरे आले. तीन ओळी होत्या : शीर्षक बदलावं. बांधावरची मतं स्वतंत्रपणे नोंदवावीत. सहभागींच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात धरावा. गुण मला वाटलं होतं त्यापेक्षा बरे होते.

डिसेंबर-जानेवारीत वाफ्यांचा तळ चोपायचं काम सुरू होतं, तेव्हापासून पुन्हा नोंदी घ्यायच्या आहेत. या वेळी वाऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र, तिघांची वेगवेगळी उत्तरं आणि फळीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून. मॅडमनी कॉलेजच्या छोट्या निधीसाठी अर्ज टाकलाय आणि त्यात 'सहभागींचं मानधन' असा रकाना घातलाय. लेखा विभागाने विचारलं, दर काय धरायचा. मी तो आजीला विचारला. तिने दोन दर सांगितले, एक बांधावरचा, एक बादलीचा. बादलीचा दुप्पट.